श्री. सिकलसेल यांस, सप्रेम तक्रार

प्रति,
श्री. सिकलसेल,
गुणसूत्र क्रमांक 11, बीटा ग्लोबिन, जागा क्रमांक 6,
मुक्काम माझं रक्त, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर.

विषय : घोडाझरीच्या पदयात्रेत आपण केलेल्या मोलाच्या सहकार्याबद्दल आभार.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, तालुक्यातल्या सिकलसेलग्रस्त मुलांसाठी चार पैसे जमवावेत म्हणून आम्ही काही जणांनी फेब्रुवारीत नागभीडहून घोडाझरीच्या तलावापर्यंत पदयात्रा काढली. आपल्याला रीतसर निमंत्रण गेलं नव्हतं. पण निमंत्रणाची वाट बघणाऱ्यांतले आपण नव्हेत. माझ्या आईबाबांच्या लग्नाची पत्रिकाही आपल्याला गेली नव्हती, तरी मुलाकडून आणि मुलीकडून, दोन्ही बाजूंचे वऱ्हाडी म्हणून आपण मांडवात हजर होता. कोणी ओळखलं नाही, एवढंच. एका बाजूने आलात तर माणूस वाहक, दोन्ही बाजूंनी आलात तर ग्रस्त. मी ग्रस्त. एसएस पॅटर्न. काही दवाखान्यांत मला नावापेक्षा पॅटर्ननेच जास्त ओळखतात.

मी एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. दुकानोदुकानी फिरून रोजचे दहा-वीस-पन्नास रुपये जमवायचे आणि संध्याकाळी हिशेब द्यायचा. त्यामुळे एजंट माणूस मला लांबून ओळखू येतो. तुमचा मूळ धंदा विम्याचा, हे मला पुस्तकात वाचून कळलं आणि मग सगळा हिशेब लागला. मलेरियाने पोरं पटापट मरायची त्या काळात तुम्ही पॉलिसी काढलीत: आई किंवा बाप, एकाकडूनच मला घ्या, तुमचं लेकरू जीवघेण्या मलेरियातून तगण्याची शक्यता वाढेल. अँथनी अ‍ॅलिसन नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत फिरून 1954 साली हे दाखवून दिलं. योजना झकास होती. खोट फक्त हप्त्यात. ज्याने विमा घेतला त्याच्याकडून तुम्ही सहसा छदामही मागत नाही. दोन विमाधारकांचं लग्न लागलं की त्यांच्या दर बाळंतपणाला पंचवीस टक्के शक्यता तुमच्या नावे जमा होते, आणि सगळी वसुली त्या बाळाकडून. माझा भाऊ वाहक आहे. त्याला संरक्षण, मला हप्ते. तो बिचारा दर राखीला मला साडी घेतो. बहुतेक व्याजापोटी घेत असावा.

शेजारच्या गडचिरोलीत मलेरिया आजही ठाण मांडून आहे, तेव्हा 'आता धंद्याला कारण उरलं नाही' असं तुम्हाला म्हणायचीही सोय नाही. जागा निवडावी तर तुमच्यासारखी.

तुमच्या काटकसरीचं मात्र कौतुक वाटतं. एवढा मोठा उद्योग, आणि भांडवल किती? हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक अ‍ॅसिड असायचं, तिथे तुम्ही व्हॅलिन बसवलंत. बास. तेवढ्या एका अदलाबदलीवर प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी वाकते, विळ्यासारखी होते, ताठरते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकून बसते. पुढचं रक्त थांबतं, आणि जिथे थांबतं तिथे दुखतं. चांगली पेशी एकशेवीस दिवस जगते. माझी दहा-वीस दिवसांतच गळपटते. म्हणून डोळे पिवळे, म्हणून रक्त कमी. शाळेत पिवळे डोळे बघून कोणी कावीळ म्हणे, कोणी गावठी औषधाचा पत्ता देई, आणि पीटीचे सर आळशी म्हणत. सरांचं निदान सगळ्यात स्वस्त होतं. त्याला कुठलीच तपासणी लागत नसे.

आमचा हा पट्टा धानाचा. तालुक्यातल्याच नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या बांधीत निवडून निवडून एचएमटी धान काढलं आणि त्याला मनगटावरच्या घड्याळाचं नाव दिलं, ते देशभर गेलं. पण कुठलंही धान लावायचं तर भर पावसाळ्यात दिवसभर गार पाण्याच्या चिखलात वाकून रोवणी करावी लागते. वरून पाऊस, खालून ओल, पाठीला थकवा, आणि हात चिखलाचे म्हणून पाणी प्यायचं राहून जातं. गारठा, ओल, थकवा, तहान. तुमच्या आवडीच्या चारही गोष्टी एका बांधीत. या भागात कितीतरी बायांना तुमची पहिली ओळख रोवणीतच झाली असेल. 'अंग धरलं' म्हणून त्या बांधावर बसल्या असतील, आणि मुकादमाने अर्धी मजुरी कापली असेल.

तुमचं चरित्रही मी वाचलं. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1910 साली ग्रेनाडाहून आलेल्या एका दंतवैद्यकीच्या विद्यार्थ्याच्या रक्तातल्या तुम्हाला पहिल्यांदा छापून आणलं. 1949 मध्ये लायनस पॉलिंगने तुम्हाला रेणूपर्यंत गाठलं. 1952 मध्ये तुम्ही निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडलात, 1958 मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातला तुमचा मुक्काम 'लॅन्सेट'मध्ये छापला. एवढी प्रसिद्धी! आणि तुमच्यासाठी खास म्हणून पहिलं औषध, हायड्रॉक्सियुरिया, अमेरिकेत मान्य झालं ते 1998 साली. अठ्ठ्याऐंशी वर्षं. तेही मुळात कॅन्सरसाठीचं. घाई करायचं कारणही नव्हतं म्हणा. तुमचे गिऱ्हाईक कोण, तर आफ्रिकेतले लोक, गुलाम करून नेलेल्यांचे वंशज, इकडे गोंड, माडिया, परधान, आमच्या वस्तीतले बौद्ध, आणि इतरही बरेच, जे बोलत नाहीत. असल्या गिऱ्हाइकांसाठी कोण धावाधाव करतो? नाही म्हणायला नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या मुलांवर अभ्यास करून 2012 साली दाखवलं की वजनाच्या किलोमागे रोज दहा मिलिग्रॅम, एवढ्या कमी डोसनेही दुखण्याचे झटके पुष्कळ कमी होतात. ती कॅप्सूल मी घेते. तुम्हाला आवडत नाही, ठाऊक आहे. 2023 च्या अखेरीस तर जनुकांतच फेरफार करणारा उपचार मान्य झाला. अमेरिकेत त्याची किंमत ठरली बावीस लाख डॉलर. आमची पतसंस्था सोन्यावर कर्ज देते, पण तेवढं सोनं तालुक्यात आहे का ते बघावं लागेल.

तर पदयात्रा.

पहिल्या बैठकीत एका उत्साही भाऊंनी पेरजागड सुचवला, सात बहिणींचा डोंगर. वर जाऊन बॅनर फडकवू, फोटो झकास येतील. त्यांना सांगितलं की भाऊ, तिथे चढ आहे आणि आग्या मधमाश्या आहेत, आणि आम्हाला पळता येत नाही. मग घोडाझरी ठरली. रस्ता सपाट. आधी बांध्या, मग जंगल. धान निघून गेलं होतं, बांध्यांत लाखोरी उभी होती, पळस नुकता पेटू लागला होता. महिनाही तुमच्याकडे बघूनच निवडला होता. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तुमच्या, एप्रिलची दुपार तुमची, पावसाळा तर पूर्ण तुमचाच. उरतो फेब्रुवारी, त्यातही ऊन चढायच्या आतले काही तास. वर्षातली एवढी जागा आमच्यासाठी मोकळी ठेवलीत, औदार्य तुमचं.

आज्जी म्हणाली, "कायले चालतेस वं एवढी? देवाले नवस बोलली का?" डॉक्टरांनी मात्र नको म्हटलं नाही. फ्रान्समध्ये काही ग्रस्तांना देखरेखीखाली मध्यम गतीचा व्यायाम देऊन पाहिला, तर तो सोसला आणि उपयोगी पडला. डॉक्टरांच्या अटी एवढ्याच: धाप लागेल इतकं करू नका, तहान लागायच्या आधी प्या, अंग गार पडू देऊ नका, दुखायला लागायच्या आधी थांबा. शेवटची अट मोठी मजेची. दुखायला लागायच्या आधी दुखणार आहे हे कळायला तुमच्यासोबत बरीच वर्षं संसार करावा लागतो. मला कळतं. मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या जरा वर, आत एक ठणका येतो. एकच. मग काही मिनिटं काही नाही. ती मिनिटं तुम्ही सौजन्याने दिलेली मुदत असते. त्या मुदतीत बसलं, ऊबदार काही पांघरलं, अर्धी बाटली पाणी पोटात गेलं, तर कधीकधी टळतं. 'अजून थोडंच राहिलं' म्हणत पुढे चाललं, तर त्या रात्री पलंगाची कड धरून मोजायला मिळतं की पहाट व्हायला किती वेळ लागतो. दुखणं मग मांडीत राहत नाही, कमरेत जातं, छातीच्या पिंजऱ्यात जातं, चादरीचा स्पर्शही नको होतो.

पाण्यावरून आठवलं. तुम्ही माझ्या मूत्रपिंडांनाही सोडलेलं नाही. लघवी दाट करायची त्यांची ताकद तुम्ही आधीच काढून घेतली आहे. म्हणजे पाणी सारखं प्यायचं, आणि प्यालेलं सगळं लगेच परत करायचं. आता जंगलाच्या रस्त्याने चालणाऱ्या बाईने ते कुठे करावं? हा ब्रह्मपुरी वनविभाग. घोडाझरी 2018 पासून अभयारण्य आहे. इथे झुडुपाआड वाघ असतो. पदयात्रेतले पुरुष जागोजागी रस्त्याकडे पाठ करून मोकळे झाले. आम्ही दोघी-तिघी बाया झुडूप शोधायच्या, तर एकीने आधी टाळ्या वाजवायच्या, दुसरीने मोठ्याने बोलायचं, तिसरीने रस्ता राखायचा. वाघाला वाटलं असेल, आज काय सत्कार आहे की काय. यावर उपाय म्हणून बऱ्याच जणी पाणीच पीत नाहीत. तुम्हाला आणखी काय हवं!

ठणका आला तो निम्म्या वाटेवर, एका रपट्याशी. पदयात्रेतल्या आशाताई शेजारी होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, माझं पाऊल आखडलं ते पाहिलं आणि आपली शाल माझ्या गुडघ्यांवर टाकली. "बसून घे ना वं." मी बसले. बाकीचे पुढे गेले. तसं आधीच ठरलं होतं, मी अर्धीच वाट चालणार होते. उरलेली मी त्यांच्या स्कूटीवर मागे बसून गेले, तलाव पाहिला, भात-वरण खाल्लं.

आणि आता तुमच्या मित्रमंडळींबद्दल, कारण एकट्याने एवढा धंदा सांभाळणं कोणालाच शक्य नाही.

एका दानशूर दुकानदारांनी पावती फाडतानाच विचारलं होतं, "पूर्ण चालाल ना ताई? नाहीतर अर्धे वापस करा." चेष्टाच होती, पण पाचशेची नोट त्यांनी दोन बोटांत जरा जास्त वेळ धरून ठेवली. त्यांना मी सांगायला हवं होतं की आपल्याच जिल्ह्यात, वरोऱ्याच्या आनंदवनात, बाबा आमटे नावाचे गृहस्थ होऊन गेले. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने त्यांना बसता येत नसे. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं. त्या अवस्थेत सत्तरी ओलांडल्यावर 1985 च्या डिसेंबरात ते 'भारत जोडो' म्हणत कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण मुलंमुली सायकलींवर, बाबा गाडीत पडून. पुढे 1988 मध्ये इटानगरहून ओखापर्यंत पुन्हा निघाले. बाबा गाडीत झोपून गेले म्हणून भारत अर्धाच जोडला गेला, असं अजून कोणी हिशेबात धरलेलं नाही.

तलावाकाठी छोटा कार्यक्रम होता. पाहुण्यांनी माइक हातात घेतला आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, जिद्द असेल तर आजारही हरतो! टाळ्या झाल्या. मी तुमच्याकडे पाहिलं (म्हणजे माझ्याच गुडघ्याकडे), तुम्ही गालात हसत होता. तुम्हाला जिद्दीचं काय? ज्या मुली गेल्या त्यांच्यात ती कमी होती? एक तर माझ्याच वर्गात होती, बारावीला पहिली यायची तयारी करत होती. छातीत दुखायला लागलं, गावातल्या सुईवाल्याने खाटेच्या खुंटीला सलाईन टांगलं, आणि मोठ्या दवाखान्यात पोचेस्तोवर उशीर झाला. त्या सुईवाल्यासारखे लोक तुमचे खरे उपएजंट. अंगात रक्त कमी म्हटलं की न तपासता लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक, महिनोन्महिने. ज्याला वारंवार रक्त चढतं त्याच्या अंगात लोह आधीच साठत असतं, हे त्यांच्या गावीही नसतं.

पण तुमचा सगळ्यात मोठा हितचिंतक मांडवात बसतो. चाचणी झालेली असते, कार्ड मिळालेलं असतं, आणि ते कार्ड पेटीच्या तळाशी, लग्नाच्या शालूखाली जातं. मुलीकडचे लपवतात कारण स्थळ मोडेल, मुलाकडचे लपवतात कारण मुलाला कसं काय काही असेल. मध्यस्थ दोन्हीकडचं जाणून असतो आणि दोन्हीकडे जेवतो. मग दुसऱ्या वर्षी बाळाच्या हातापायांची बोटं सुजतात, ते किंचाळून रडतं, आणि सासू म्हणते, सुनेच्या माहेरातलं आहे. मायबाई, एकट्या माहेराने कधीच एसएस होत नाही. त्यात तुमच्या चिरंजीवांचाही निम्मा वाटा लागतो. हे एवढं साधं गणित या भागातल्या घराघरात पोचलं असतं तर तुमचं दुकान कधीच बसलं असतं, श्री. सिकलसेल.

ते पोचवायला आयुष्य घालणारी माणसंही झाली. नागपूरचे संपत रामटेके, स्वतःच्या मुलाच्या आजारातून उभे राहिले, सिकलसेल सोसायटी काढली, सरकारदरबारी चपला झिजवल्या. 2018 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्याचे डॉ. सुदाम काटे आदिवासी पाड्यांवर रक्त तपासत फिरले; 2019 मध्ये त्यांनाही पद्मश्री. 2016 च्या कायद्याने तुम्हाला एकवीस दिव्यांगत्वांत बसवलं. त्यात आता मजा अशी की दुखणं टक्क्यांत मोजावं लागतं, आणि मोजायच्या दिवशी तुम्ही नेमके सुट्टीवर असता. मी ताठ चालत आत जाते, आणि टेबलापलीकडचे म्हणतात, दिसत तर नाही! 1 जुलै 2023 ला शहडोलला राष्ट्रीय अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत तुमचं उच्चाटन. तारीख लांबची आहे, तेवढं तरी तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

आमच्या निधीचं काय केलं, हे तुम्हाला कळायला हवं, कारण त्यात तुमचं नुकसान आहे. नागपूरला जाणारी छोटी गाडी 2019 मध्ये लाईन मोठी करायला बंद झाली आणि आमचं नागपूर एसटीवर आलं. ग्रस्तांना एसटीत सवलत आहे. पण लेकराला घेऊन जाणाऱ्या आईच्या बुडालेल्या मजुरीला सवलत नाही, तिथे दोन दिवस राहायला-जेवायला नाही. आई आठ दिवस थांबते, मग औषध संपतं, मग तुम्ही येता. जमलेल्या पैशातून काही लेकरांच्या आयांना त्या दिवसांची मजुरी दिली. हे काम वर्गणीवर का चालावं, हा प्रश्न तुमच्या अखत्यारीतला नाही. तो मी वेगळ्या पत्रात वेगळ्या पत्त्यावर विचारणार आहे, आणि त्या पत्रात एवढा आदर राहणार नाही.

पुढच्या फेब्रुवारीतही आम्ही निघणार आहोत. तेव्हाही मी अर्धीच चालेन. आपण सोबत असालच.

आपली, दोन्ही बाजूंनी,
एक हप्तेदार,
नागभीड

प्रत माहितीसाठी आणि तातडीच्या कार्यवाहीसाठी : या भागातली सर्व लग्नाळू मुलंमुली आणि त्यांचे मायबाप. अक्षय्य तृतीयेचे मुहूर्त जवळ आले की पत्रिका जुळवायला जाल, त्याच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. सोल्युबिलिटी चाचणीला बोटातलं थेंबभर रक्त लागतं, पैसे लागत नाहीत. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी करून पॅटर्न लिहून घ्या, आणि तो कागद समोरच्या घराला दाखवा, त्यांचाही मागा. एक जण वाहक असेल आणि दुसरा ना वाहक ना ग्रस्त, तर खुशाल लग्न करा, एसएस मूल होत नाही. दोघेही वाहक निघालात तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तारीख धरू नका. आणि ज्यांना यातलं काहीच लागू नाही त्यांनी मे महिन्यात रक्तदान करावं. कॉलेजं बंद असतात, शिबिरं कमी होतात, आणि आम्हाला रक्त उन्हाळ्यातही लागतं.